ड्रगस्टोअर की हाय-एंड मेकअप: पैसे नक्की कशावर घालायचे?

बुगडी
लोकहो, मदत हवीये. मे महिन्यात सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, चिपळूणला, हॉल नॉन एसी (आजोबांचा हट्ट, त्यावर चर्चा नको). नवरीसाठी मेकअप आर्टिस्ट येणारे पण करवलीला कोण विचारतं, माझं मलाच करायचंय. बजेट दहा हजार, त्यात सगळं बसवायचं, कारण सध्या माझ्याकडे एक काजळ आणि ऑफिसची एक लिपस्टिक सोडून काही नाही. त्वचा तेलकट, रंग सावळा, पिवळसर झाक आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते घ्यायचं तर मॅक किंवा एस्टी लॉडर, उगाच स्वस्तातलं तोंडाला फासू नकोस. मामेबहीण म्हणते तुळशीबागेत दीड हजारात अख्खं किट होतं आणि फोटोत कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणजे स्वस्तातलं ड्रगस्टोअरवालं की महागडं हाय-एंड, यातलं खरं काय? किंमत आठपट असेल तर क्वालिटीही आठपट असते का? कशावर खर्च करू आणि कशावर हात आखडू ते सांगा. जुने धागे चाळले पण त्यातली अर्धी प्रॉडक्ट्स आता मिळतच नाहीत.

तिरफळ
मे. चिपळूण. नॉन एसी. ताई, तिथे चार हजारांचं फाउंडेशनसुद्धा पंगत उठेपर्यंत टिकलं तर खूप. एक टेबलफॅन विकत घे आणि उरलेल्या पैशात साडी घे.

शेवंती७
तिरफळ, गप रे. बुगडी, जरा सविस्तर लिहिते कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी एक हिशोब कर. पेन्सिलवाल्या काजळात माल असतो ०.३५ ग्रॅम, लॅक्मे आयकॉनिक घे नाहीतर मेबलिनचं कोलोसल घे, दोन्हीत तेवढाच. किंमत साधारण दोनशे धर. म्हणजे ग्रॅमला पावणेसहाशे रुपये पडले. मॅकच्या लिपस्टिकमध्ये साधारण ३ ग्रॅम माल येतो, दोन हजार धरले तरी ग्रॅमला साडेसहाशे, सातशेच्या आत. म्हणजे जे काजळ आपण महिन्याच्या किराण्यासोबत डोळे झाकून उचलतो ते आणि जिच्यासाठी चार दिवस विचार करतो ती लिपस्टिक, वजनाच्या भावात जवळजवळ एकाच रांगेत बसतात. उलट फाउंडेशनला बघ, मेबलिन फिट मी ३० मिली साधारण सहाशेला म्हणजे मिलीला वीस रुपये, आणि एस्टी लॉडर डबल वेअर तेवढंच ३० मिली चार हजारांच्या आसपास, म्हणजे मिलीला सव्वाशे-दीडशे. खरी दरी इथे आहे. आता पॅकवर एमआरपीच्या शेजारी दर ग्रॅमची नाहीतर मिलीची किंमत पण छापलेली असते, चष्मा लावून वाचायची.

मग फाउंडेशनच्या त्या सहापट किमतीत काय मिळतं? माझ्या मते मुख्य गोष्ट म्हणजे शेड. आपल्याकडे स्वस्तातल्या ब्रँडांचं रडगाणं हेच की शेड पाच-सहा, त्यातल्या तीन गोऱ्या मुलींसाठी आणि सर्वांत गडद शेडसुद्धा गुलाबी झाकेची. सावळ्या, पिवळसर त्वचेवर ते राखाडी दिसतं, मान वेगळी आणि तोंड वेगळं. रिहानाने २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी काढलं ते पहिल्याच दिवशी ४० शेड घेऊन, त्यानंतर बाकीच्यांना जाग आली. हे सुधारतंय, फिट मीच्या शेड आता बऱ्याच आहेत. पण शेड असून उपयोग नाही, लावून बघता आली पाहिजे. हाय-एंड काउंटरला ती मुलगी तुझ्या जबड्यावर तीन पट्टे ओढते, आरसा देते, पुन्हा ये म्हणते. तू पैसे देतेस ते बऱ्यापैकी या खुर्चीचे.

म्हणून माझं मत: दहातले साडेतीन-चार हजार एका फाउंडेशनवर टाक आणि बाकी सगळं बिनधास्त स्वस्तातलं घे. मस्करावर तर पैसे घालूच नकोस, उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत तो फेकायचाच असतो, कितीचा का असेना.

मिरचीपूड
शेवंतीताई +१. माझ्या आईच्या पिढीत पॉन्ड्सची पावडर, लॅक्मेची एक मरून लिपस्टिक आणि शिंगारचं कुंकू यात सगळी लग्नं पार पडली, आणि त्या फोटोतल्या बायका आजही सुंदर दिसतात.

पैठणीप्रेमी
मला हे सगळं हिशोबी वाटतंय जरा. लिपस्टिक कुणी ग्रॅमवर खातं का! माझ्याकडे रुबी वू आहे, मॅकची. तो निळसर झाकेचा लाल आपल्याकडच्या सावळ्या रंगावर जो उठतो ना, दात पांढरे दिसतात, हिरव्या नऊवारीवर तर बघायलाच नको. त्याचे डुप (स्वस्तातली हुबेहूब नक्कल) म्हणून ढीगभर लाल घेतले, त्यातला एकही अगदी तो नाही, कुठे नारिंगी कडे जातो कुठे गुलाबी. शिवाय पर्समधून ती काळी, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची डबी काढायची मजा असते त्याचे पैसे दिले तर बिघडलं काय. आपण साडीच्या बाबतीत असं म्हणतो का, की पॉलिस्टरनेही अंग झाकतं.

शेवंती७
मजा म्हणून घे की, कोण नको म्हणतंय. पण धागाकर्तीचं बजेट दहा हजार आहे आणि तिने क्वालिटी विचारलीये. आणि रुबी वू इतकी कोरडी आहे की लावताना ओठ खेचले जातात, आधी बाम लावून टिपून घ्यावा लागतो, हे पण सांग ना तिला. जेवणाच्या पंगतीत टिकण्याच्या बाबतीत मेबलिन सुपरस्टे मॅट इंक तिच्या पुढे आहे, ५ मिली, मॅकच्या निम्म्याहून कमी किमतीत. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी सगळं झालं तरी हलत नाही. फक्त पहिली दहा मिनिटं ओठ चिकट वाटतात आणि जाड थर दिला तर मधे पापुद्रे निघतात.

पैठणीप्रेमी
अळूच्या भाजीत तेल असतं, तेलापुढे मॅट इंकही सुटतो. अनुभवाचे बोल.

अर्धाकप
(पुरुष आयडी, मारू नका.) मी कॉस्मेटिक्सच्या पॅकेजिंगमध्ये काम करतो म्हणून थोडी आतली बाजू.

पहिलं म्हणजे ब्रँड आणि कारखाना हे दोन वेगळे प्राणी आहेत. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात बघा, उत्पादक एक असतो आणि मार्केटिंग करणारा दुसरा. आपल्याकडच्या कित्येक नव्या ब्रँडांचा स्वतःचा कारखानाच नाही, तिसराच कुणी बनवून देतो आणि तोच कारखाना शेजारच्या लाइनवर दुसऱ्या ब्रँडचाही माल भरत असतो. जगभर हेच आहे, इटलीतली इंटरकॉस नावाची कंपनी १९७२ पासून हाच धंदा करते, महागड्या ब्रँडांच्या पावडरी आणि लिपस्टिका त्यांच्याकडून बनून जातात. दुसरं म्हणजे मालकी. लॉरिआल ग्रुपकडे लँकोम आहे आणि १९९६ पासून मेबलिनही आहे. मॅक, क्लिनिक, बॉबी ब्राउन हे सगळे एस्टी लॉडरच्या घरातले. याचा अर्थ दोन्हीकडे एकच माल भरतात असा नाही, तसे फॉरवर्ड येतात त्यावर विश्वास ठेवू नका. पण लॅबमधलं ज्ञान वरून खाली झिरपतं हे नक्की. काल जे फक्त महागड्या मस्कराच्या ब्रशमध्ये होतं ते आज साडेतीनशेवाल्यात येतं.

रंग द्यायला जे लागतं ते सगळीकडे तेच आहे. आयर्न ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अभ्रक, टाल्क, सिलिकॉन. लाल, पिवळा, काळा हे तीन आयर्न ऑक्साइड आणि पांढरा टायटॅनियम यांच्या मिश्रणात आपल्या सगळ्यांची कातडी बसते. खोक्यावर सीआय (म्हणजे कलर इंडेक्स, रंगांचे ठरलेले नंबर) ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसतील ते हेच. फरक पडतो तो दळण्यात आणि मिसळण्यात. पिगमेंट किती बारीक दळलंय, त्यावर सिलिकॉनचा थर दिलाय का, दोन बॅचमध्ये रंग तोच येतो का. स्वस्तातल्या आयशॅडोला हात लावला की बोटाला खरखर लागते आणि पावडर गालावर सांडते ना, ते दळण कमी पडल्याचं लक्षण. आणि राहिलेला मोठा खर्च म्हणजे आम्ही! ती लोहचुंबकवाली जड डबी, काचेची बाटली, वरून जाहिरात, मॉलचं भाडं, बाहेरून आलेल्या मालावर आयात शुल्क. लिपस्टिकवर जीएसटी १८ टक्के आहे, कुंकू टिकलीवर नाही, हे उगाच जाता जाता.

तिरफळ
म्हणजे सगळ्यात व्हॅल्यू फॉर मनी मेकअप कुंकू. धागा बंद करा.

चंद्रकळा_न्यूजर्सी
मुळात 'ड्रगस्टोअर' हा शब्द इकडचा आहे, सीव्हीएस, वॉलग्रीन्समध्ये औषधांच्या शेजारच्या रांगेत मेकअप लटकलेला असतो म्हणून. तिकडे मेडिकलवाल्याकडे लॅक्मेचं नेलपेंट मिळालं तरी नशीब. पण वाद इकडेही अगदी हाच चालतो. एल्फ नावाचा ब्रँड २००४ ला सगळं एक डॉलरला विकत सुरू झाला, आता त्याचं हेलो ग्लो हे चेहऱ्याला चमक देणारं लिक्विड पंधराएक डॉलरला मिळतं आणि तशाच कामाचं शार्लट टिलबरीचं फ्लॉलेस फिल्टर पन्नासच्या घरात, आणि दोन्ही एकेका गालावर लावून बसणाऱ्या बायकांचे व्हिडिओ बघून बघून माझा मुलगा पण ओळखायला लागलाय. मला विचाराल तर शार्लटवालं जास्त चमचमतं आणि एल्फचं जास्त दमट दिसतं, पण हे मी आरशाला नाक लावून बघितलं तेव्हा. मंडळाच्या गणपतीत कुणी आरशाइतकं जवळ येत नाही.

भारतात येताना माझ्या बहिणींची यादी मात्र ठरलेली, 'येताना एल्फ आण गं'. इकडे ज्याला स्वस्त म्हणून नाक मुरडतात ते तिकडे पोचेपर्यंत इम्पोर्टेड होतं.

रानजाई
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ब्रँडवर बोलणार नाही, फक्त एवढंच की महाग म्हणजे त्वचेला सुरक्षित हे समीकरण डोक्यातून काढा. मेकअपच्या अ‍ॅलर्जीत सुगंधी द्रव्यं फार वरच्या नंबरवर असतात, आणि छान वास हा महागड्या प्रॉडक्टचा विकण्याचा भाग असतो. बिनवासाचं साधं प्रॉडक्ट बऱ्याचदा बरं. बुगडी, जे काही घेशील ते लग्नाच्या निदान दोन आठवडे आधी घे, कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावून बघ, मग कानाजवळ लाव. लग्नाच्या सकाळी नवीन डबी उघडणाऱ्या करवल्या मी दर सीझनला बघते.

लग्नघरासाठी अजून दोन गोष्टी, कारण मेकअपपेक्षा त्यांचेच पेशंट जास्त त्रासात येतात. 'काळी मेंदी' म्हणून लवकर रंगणारा कोन मिळतो त्यात केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, काही जणींच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येतात, आणि मग पुढे आयुष्यभर तसलं हेअर डाय चालत नाही. साधी मेंदी लावा, रात्रभर ठेवा. आणि टिकली. तिच्या गोंदातल्या पीटीबीपी या रसायनामुळे काही जणींना कपाळावर तेवढ्याच गोल आकाराचा पांढरा डाग पडतो. खाज आली की टिकली बंद, वाट बघू नका. काजळ एकमेकींना देऊ नका, डोळे येतात.

गोधडी
डॉक्टर, टिकलीचं माहितीच नव्हतं, आईला दाखवते.
माझा वेगळाच प्रश्न, आमच्याकडे सासूबाई अगदी कडक शाकाहारी, आणि कुणीतरी सांगितलं लाल लिपस्टिकमध्ये किडे असतात. खरंय का?

अर्धाकप
सगळ्या लाल लिपस्टिकमध्ये नाही. कारमाइन म्हणून रंग असतो, सीआय ७५४७०, तो कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढतात. महाग-स्वस्त दोन्हीकडे सापडतो. यादीत तो नंबर शोधायचा, किंवा व्हीगन लिहिलेलं घ्यायचं. बऱ्याच खोक्यांवर हिरवा नाहीतर तपकिरी ठिपका पण असतो. लिपस्टिकमध्ये मधमाशीचं मेण पण असतं हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

विंगेतला
नाटकाच्या रंगभूषेत बरीच वर्षं आहे, हौशीपासून व्यावसायिकपर्यंत. इथे सगळे फाउंडेशनच्या किमतीवर भांडतायत पण आमच्याकडे वर्षानुवर्षं क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक चालते. बर्लिनची कंपनी आहे, १९४५ ची, ग्लॅमर शून्य, डबी बघून कुणी प्रेमात पडणार नाही, पण तीन तास दिव्यांखाली घामात तग धरते. तीही हाय-एंड नाही आणि तुम्ही म्हणता ते ड्रगस्टोअरही नाही, कामाची आहे. अर्थात रोजच्याला ती जड होते, पार थर दिसतो, बुगडीने घ्यावी असं नाही.

सांगायचं ते वेगळंच. कोकणातल्या घामात टिकण्याचं ऐंशी टक्के काम हाताचं असतं. चेहरा धुवून बर्फ फडक्यात गुंडाळून फिरवायचा, कोरडा करायचा, मॉइश्चरायझर अगदी थोडं, आणि मग दहा मिनिटं काही करायचं नाही, साडी नेसून घ्यायची. फाउंडेशन वाटाण्याएवढं, मधून बाहेरच्या बाजूला, ओल्या स्पंजने थापत थापत, चोळत नाही. पुन्हा लागलं तर डागांवरच. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटी. घाम आला की टिपायचा, पुसायचा नाही, आणि टिपायला घरातला जुना मऊ सुती रुमाल सगळ्यात भारी. हे केलं तर सहाशेचं फाउंडेशन दुपारपर्यंत जातं, नाही केलं तर चार हजारांचं अंतरपाट निघायच्या आत मानेवर उतरतं.

एक धोका सांगतो, पांढरी एचडी पावडर म्हणून जी सिलिकाची मिळते ती जास्त झाली की आरशात काही दिसत नाही आणि फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पीठ लागल्यासारखे पांढरे डाग येतात. मोठमोठ्या नट्यांचे तसे फोटो आलेत. घरी अंधार करून फ्लॅशने सेल्फी काढून बघायचा.

बुगडी
बापरे, किती माहिती! सगळ्यांना वाचलं. विंगेतले दादा, ती साडी नेसायची आयडिया भारी आहे.
शेवंतीताई, चार हजारांचं घ्यायचं तर काउंटरवर नेमकं काय बोलायचं? मला तिथे गेलं की उगाच अपराधी वाटायला लागतं आणि मी काहीतरी घेऊन बाहेर येते.

शेवंती७
अपराधी काय वाटायचं, तिचं कामच आहे ते. सकाळी जा, उन्हं असताना, तोंड धुऊन, काही न लावता. सांग की तेलकट त्वचा आहे, पिवळसर झाक आहे, मॅट आणि लाँग वेअर हवंय. मॅककडे गेलीस तर एनसीवाल्या शेड दाखवायला सांग, त्या पिवळसर झाकेसाठी असतात, एनडब्ल्यू गुलाबीसाठी. हातावर लावू देऊ नकोस, हात आणि तोंड एका रंगाचे कुणाचे असतात? जबड्यावर, मानेपर्यंत ओढून. मग मॉलच्या त्या पिवळ्या दिव्यांतून बाहेर ये, रस्त्यावर उन्हात आरसा धर, आणि लगेच घेऊ नकोस. जेव, फिर, तासा-दीड तासाने परत बघ. बरीच फाउंडेशनं हवा लागली की काळवंडतात, एक शेड गडद होतात. आणि छोट्या डबीत थोडं सॅम्पल मागून घे, बरेच काउंटर देतात. ते घरी घालून एक दिवस ऑफिसला जा.

आणि ही मेख आहे बघ: मॅच झालेली शेड कळली की तीच झाक, तोच गडदपणा घेऊन फिट मीमध्ये शोध. सापडली जवळपास, तर चार हजार वाचले. नाही सापडली तर मग ते चार हजार योग्य जागी गेले.

पैठणीप्रेमी
काउंटरवर मेकअप करून घ्यायचा आणि माल दुसरीकडून घ्यायचा, हे काही पटत नाही हं मला.

शेवंती७
नको पटू दे. दहा हजारात सगळं बसवायचंय तिला.

मिरचीपूड
ऑनलाइन घेणार असशील तर ब्रँडच्या स्वतःच्या साइटवरून नाहीतर नायका, टिरा अशा ठिकाणाहून घे. सोशल मीडियावर 'फर्स्ट कॉपी', 'कस्टम क्लिअर्ड लॉट' म्हणून अडीचशेला मॅक विकणारे असतात, एका मोठ्या होलसेल बाजारात तर मी स्वतः बघितलंय, त्याच पेटीत तीन ब्रँडांच्या लिपस्टिक आणि तिन्हींवर एकच बॅच नंबर. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि रुपयातली एमआरपी असलीच पाहिजे. स्टिकर नसेल तर हात लावू नकोस. खऱ्या स्वस्त ब्रँडचं दोनशेचं घे, पण महागड्या ब्रँडचं दोनशेचं कधीच नको.

बुगडी
ठरलं मग. शनिवारी काउंटरवर जाऊन शेड बघते, फाउंडेशनचा निर्णय सॅम्पल वापरून. काजळ कोलोसल, मस्करा मेबलिनचाच, आयशॅडो एकच ब्राँझ रंगाची स्विस ब्यूटी नाहीतर मार्सची, बोटाने लावणार, ब्रशचे पैसे वाचले. ब्लश वेगळा घेत नाही, लिपस्टिकच गालावर. लिपस्टिक दोन, रोजची वाटेल अशी एक मॅट इंक, आणि (शेवंतीताई ओरडू नका) एक रुबी वू, कारण माझी नऊवारी हिरवीच आहे.

पैठणीप्रेमी
शाब्बास!!

शेवंती७
ओरडत नाही. पण मॅट इंक गालावर लावू नकोस, लावता लावता वाळतो आणि मग हलत नाही, पट्टा तसाच राहतो. गालासाठी साधी क्रीमवाली, एल १८ ची कुठलीही गुलाबी शंभर-दीडशेत मिळेल.

गोधडी
आणि हे सगळं रात्री काढायचं कशाने? वॉटरप्रूफ मस्करा फेसवॉशने जात नाही, दुसऱ्या दिवशी पूजेला डोळे काळे.

विंगेतला
खोबरेल तेल. हातावर कोमट करून आधी कोरड्या चेहऱ्यावर, डोळे मिटून हलक्या हाताने, मग कापसाने टिपायचं आणि त्यानंतर फेसवॉश. आमच्याकडे अख्खी कंपनी त्यानेच रंग उतरवते.

रानजाई
तेलकट त्वचेवर फुटकुळ्या येत असतील तर खोबरेल फक्त डोळे आणि ओठांपुरतं, बाकी चेहऱ्याला मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं क्लेन्झर). आणि कितीही दमलीस तरी तसंच झोपू नकोस.